ज्ञानूदादाचा आवाज

अशा पानांवर मी फक्त वाचतो, लिहीत नाही. वाचून झालं की खाली "काहीही हं!" असं लिहिणाऱ्यांतला मी एक. पण हे माझ्या सख्ख्या आतेभावाच्या घरात घडलंय, आणि त्यातला शेवटचा तुकडा माझ्या स्वतःच्या मागच्या दारात. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं. मीही हसलो असतो.

गेल्या वर्षीची देवदिवाळी झाली, त्यानंतरचा रविवार. वेळ दिवेलागणीची. जागा म्हणजे मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे डांबरी सोडून आत गेलं की लागणारा एक ओहोळ.

आधी माणसं सांगतो.

माझा आतेभाऊ संदेश, शहापूरजवळच्या सापगावचा. आटगावला एका गोदामात कामाला आहे. घरात माझी सकुआत्या, वहिनी आणि सात वर्षांची मनस्वी. आम्ही तिला मनू म्हणतो. संदेश माणूस सरळ, पण कानाचा वेडा. जेवता जेवता घास हातात धरून "थांब, थांब" म्हणणार. आपण घाबरून बघावं, तर बाहेर कुठलंसं पाखरू ओरडलेलं असायचं. आत्या वैतागून म्हणायची, "ह्याला बायको कशाला बघितली आमी? टिटवी आणून द्यायची होती."

हे वेड लावलं 'कानोसा'ने.

तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं. कानोसा ही एक साधी वेबसाइट होती. रानातले आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांची. पाखरं, बेडूक, रातकिडे, वाऱ्यात करकरणारा बांबू... ज्याला जे सापडेल ते तो तिथे टाकायचा. संदेश शहापूरच्या सायबर कॅफेत जाऊन एक फाइल चढवायचा. ती चढेपर्यंत दोन चहा व्हायचे. आणि मग खरी मजा सुरू व्हायची. 'हा कोण?' म्हणून एक खेळ होता. आवाज ऐकवायचा, नाव सांगायचं नाही. नागपूरचा एक दातांचा डॉक्टर, कोल्हापूरच्या एक शिक्षिका, कुवेतला गाडी चालवणारा एक जण, सगळे हमरीतुमरीवर यायचे. एका बेडकावरून दोघांनी महिनाभर अबोला धरला होता!

आवाज आवडला की त्याखाली एकच शब्द लिहायचा. 'ऐकलं.'

बस. त्या एका शब्दासाठी माणसं पहाटे थंडीत ओल्या गवतात बसायची. कुणी कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं, पण कुणाच्या घरी बाळ झालं की त्याचं पहिलं रडणं कानोसावर यायचं, आणि खाली 'ऐकलं, ऐकलं, ऐकलं' अशी रांग लागायची. मनूचंही रडणं संदेशने टाकलं होतं. पण तोवर 'ऐकलं' म्हणायला तीनच माणसं उरली होती.

एक संदेश स्वतः. दुसरा खर्डीचा अनिल, त्याचा जिवलग. आणि तिसरा ज्ञानूदादा.

कानोसा चालू केला तो ज्ञानूदादानेच. ज्ञानेश्वर त्याचं नाव, टोकावड्याच्या आतल्या गावचा. भातशेती करायचा आणि मुरबाडला पोरांना कम्प्युटर शिकवायचा. ह्या दोघांना रानात बसायला शिकवलं त्याने. त्याची एक पद्धत होती. मशीन चालू केलं की आधी मोठ्याने हाक मारायची, "कुनी हाय का?" थांबून पुन्हा. थांबून पुन्हा. असं तीनदा. आसपास कोणी गुराखी, लाकूडतोड्या असला तर तो ओ देईल, मग तो जाईपर्यंत थांबायचं. कोणी बोललं नाही की गप्प बसून ऐकायचं. त्यामुळे त्याच्या प्रत्येक रेकॉर्डिंगची सुरुवात त्या तीन हाकांनी व्हायची. कुवेतवाला म्हणायचा, "दादाची हाक ऐकली की मी गावी पोहोचतो."

दुसरी गोष्ट त्याने शिकवली ती 'लावायची.' म्हणजे पाखराला त्याचाच आवाज स्पीकरवर ऐकवायचा. पाखराला वाटतं, आपल्या हद्दीत आपलं कुणी आलं. ते ओ देतं आणि जवळ येतं.

त्याचे नियम मात्र कडक.

"दोनदाच लावायचा रं. तिसऱ्यांदा नाय. आणि घरट्यापाशी तर कधीच नाय. पाखरू आवाजावर येतं, आणि मागं पिल्लं जातात."

हे वाक्य लक्षात ठेवा.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. सगळे फेसबुकवर गेले, मग व्हॉट्सअॅपवर. मोबाइलच आता पाखराचा आवाज ऐकून नाव सांगतो, मग 'हा कोण?' कोण कुणाला विचारणार? कानोसावर धूळ बसली. शेवटी ज्ञानूदादाने तिथे एकच ओळ लिहिली होती...

'कुनी हाय का?'

खाली काहीच नव्हतं. संदेशला ती दिसली तेव्हा वेबसाइट बंद पडायला आली होती. त्याने सगळी रेकॉर्डिंग तेवढी आपल्याकडे उतरवून घेतली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ज्ञानूदादा गेला. संध्याकाळी रेकॉर्डर घेऊन ओहोळाकडे गेला, तो सकाळी गुराख्याला दिसला. ऐनाच्या झाडाला टेकून बसलेला. कानाला हेडफोन तसेच. डॉक्टर म्हणाले, हार्ट. माणूस ऐकता ऐकता गेला, असं सगळे म्हणाले, आणि त्यातच समाधान मानून मोकळे झाले.

आता त्या रविवारचं.

दादाला जाऊन वर्ष होत होतं. अनिलने व्हॉट्सअॅपवर जुन्या मंडळींना लिहिलं, दादाच्या जागेवर जमू या. पटापट अंगठे आले. फुलं आली, हात जोडलेले आले. प्रत्यक्ष आले दोघेच, अनिल आणि संदेश.

संदेशच्या गाडीवर दोघे किन्हवली, सरळगाव करत गेले. ऊन कलताना ओहोळावर पोहोचले. पाणी थोडंच होतं, पण वाहत होतं. सागाची वाळकी पानं सगळीकडे पडलेली. पाऊल टाकलं की कुरकुर वाजायची. ऐनापाशी नारळ ठेवला, अगरबत्ती लावली. मग जुन्या आठवणी निघाल्या. अनिल हसला, हसता हसता रडला.

"संद्या, काय दिवस होते रे ते. आता सकाळी उठून मोबाइल बघतो, शंभर मेसेज असतात. एक माणूस नाय त्यांत."

संदेशने पिशवीतून छोटा स्पीकर काढला. त्याच ओहोळावर केलेलं ज्ञानूदादाचं एक रेकॉर्डिंग होतं, रातव्याचं, त्या रात्री ओरडणाऱ्या पाखराचं. दादाला त्याच्याच जागी त्याचंच ऐकवावं, एवढाच हेतू. दोघांच्याही मनात वाईट काही नव्हतं.

पण जो कधी रानात 'लावायला' शिकला नाही, त्याला हे सुचलंच नसतं.

स्पीकर दगडावर ठेवला. लावला.

"कुनी हाय का?"

तो आवाज ऐकून दोघांच्या अंगावर काटा आला. वर्षभराने दादा बोलत होता. तीन हाका झाल्या, मग रातव्याची ती लाकडावर टिचक्या मारल्यासारखी चक्, चक्, चक्. शेवटी दादाचं "झालं रं. चला." संपलं.

अनिल डोळे पुसत म्हणाला, "आजून एकदा लाव."

दुसऱ्यांदा लावलं. पहिली हाक झाली... दुसरी झाली...

आणि रातकिडे थांबले.

सगळे. एकदम.

तिसरी हाक झाली. "कुनी हाय का?"

ओहोळाच्या पलीकडून आवाज आला...

"हाय."

संदेशला कानोसावरचं प्रत्येक रेकॉर्डिंग तोंडपाठ आहे. कुठे कोण खोकलंय तेसुद्धा तो सांगेल. त्या रेकॉर्डिंगमध्ये 'हाय' नव्हतं. त्याने स्पीकर बंद केला. अनिलला वाटलं, गावातला कोणीतरी असेल. त्याने उभं राहून विचारलं, "कोन हाय तिकडं?"

कुणी बोललं नाही. पाणी तेवढं वाहत होतं.

"आवाज वळखलास?" अनिल हळूच म्हणाला.

संदेशने मान हलवली. ओळखला होता. दोघांनीही ओळखला होता.

"आजून एकदा लाव रे."

"दोनदाच. दादा काय म्हणायचा?"

"दादालाच तर बोलावतोय!" अनिलचे डोळे भरले होते आणि चेहरा हसरा होता. संदेश सांगतो, त्या चेहऱ्याचीच त्याला जास्त भीती वाटली. तो अडवायच्या आत अनिलने खाली वाकून बटण दाबलं.

"कुनी हाय का?"

"हाय."

ह्या वेळी ओहोळाच्या अलीकडून.

ऐनाच्या मागून.

इतक्या जवळून, की बोलण्याआधी घेतलेला श्वासही ऐकू आला. आणि ओहोळ ओलांडताना पाणी वाजलं नव्हतं. वाळकी पानंही वाजली नव्हती. एकही नाही.

संदेश ओरडला, "ये, चल!" अनिल जागचा हलेना. खिळल्यासारखा ऐनाकडे बघत उभा. संदेशने त्याचा दंड धरला आणि पुन्हा जिवाच्या आकांताने ओरडला, "ये, चल!" त्या दुसऱ्या 'चल'ला त्याचा आवाज फाटला.

स्पीकर तिथेच राहिला. सरळगावचे दिवे दिसेपर्यंत दोघांपैकी कुणी मागे पाहिलं नाही.

घरी संदेशने कुणाला काही सांगितलं नाही. आठवडा गेला. अनिलचा फोन यायचा, पण तो दुसरंच काहीतरी बोलायचा. संदेशलाही वाटलं, रानात आवाज घुमतात, आपण दोघे हळवे झालो होतो, झालं.

पुढच्या रविवारी वहिनी बहिणीकडे शहापूरला गेली होती. दिवस मावळलेला. संदेश ओट्यावर बसला होता. आत्या देवापाशी दिवा लावत होती. मनू आत पालथी पडून चित्र रंगवत होती. घरामागे भात काढून वाल पेरलाय, ते शेत.

त्या वालाच्या शेतातून...

"कुनी हाय का?"

"तू घाबरला नाहीस?" असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "नाय रे. खरं सांगू? आनंद झाला. वाटलं, दादा आला. आता बाकीचे पण येतील. पुन्हा सगळं तसं होईल."

तो उठला. चप्पलही न घालता बांधावरून चालायला लागला.

दुसरी हाक आली, थोडी पुढून. तो पुढे गेला. इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "ऐकलं, दादा. ऐकलं."

तिसरी हाक शेताच्या टोकाला, निरगुडीच्या कुंपणापलीकडून आली. तोही तिथवर गेला. कुंपणात वाट शोधायला वाकला, आणि वाकल्या वाकल्या त्याच्या लक्षात आलं की आवाज जवळ येत नाहीये. मागे सरकतोय. पाखराला झाडापासून दूर न्यायचं असलं की आम्ही स्पीकर असाच मागे मागे नेतो, हे त्याचंच वाक्य.

पाखरू आवाजावर येतं.

आणि मागं...

तेवढ्यात घराच्या पुढच्या बाजूने आवाज आला.

"ये, चल!"

आवाज त्याचा होता. संदेशचा स्वतःचा.

पुन्हा आला. "ये, चल!" दुसऱ्या 'चल'ला तसाच फाटलेला.

आपलाच आवाज लांबून ऐकताना माणसाचं काय होतं ते मला सांगता येणार नाही. पण संदेशचा कान मेला नव्हता. त्या आवाजाच्या मागे त्याला आणखी काहीतरी ऐकू आलं. पाणी वाहत होतं. त्याच्या घरापुढे ओहोळ नाही, नळ नाही, काही नाही. तरी त्या दोन शब्दांच्या मागे ओहोळ वाहत होता, आणि शब्द संपले की पाणीही थांबत होतं.

तो धावला. वालाचे वेल पायात अडकून दोनदा पडला. ओट्यावर आला तर आत चित्र पडलेलं, रंग पडलेले. मनू नव्हती.

"आये, मनू कुठं?"

आत्या देवघरातून म्हणाली, "आरं, तूच नाय का बोलावलंस तिला?"

रस्त्यावर दोन कुत्री असतात. सायकल गेली तरी आकाशपाताळ एक करतात. ती दोन्ही भिंतीला चिकटून बसली होती. आवाज नाही. रस्ता खाली नदीकडे जातो. त्या उतारावर मनू चालत होती. रमतगमत, उजवा हात वर धरून. मोठ्या माणसाचं बोट धरलं की पोराचा हात जसा वर राहतो, तसा.

तिच्या बाजूला कोणी नव्हतं.

संदेशच्या तोंडून हाक निघेना. ओरडलं तर ती कुठल्या बापाकडे बघेल, असं त्याच्या मनात आलं. तो नुसता धावला आणि तिला उचलून पोटाशी धरलं. मनू गोंधळून त्याच्याकडे आणि पुढे पाहत राहिली.

"बाबा, तू मागून कसा आलास?"

मग तिने त्याचा हात हातात घेऊन पाहिला.

"मगाशी गार होता रे तुझा हात," ती म्हणाली. "आता बरा झाला."

त्यानंतर आत्याने गावदेवीला नारळ दिला. टोकावड्याच्या बाजूच्या एका जाणत्यालाही विचारलं. तो म्हणाला, ज्याला बोलावलंत त्याला आता 'जा' कोण म्हणणार? अनिल खर्डीहून आला नाही, त्याचा मेसेज आला. त्यांच्या गोठ्यामागून रोज दिवेलागणीला कोणीतरी अनिलच्याच आवाजात विचारतं, "कोन हाय तिकडं?" त्याची म्हातारी आई दोनदा ओ द्यायला उठली होती. तेव्हापासून तो तिला सोडून कुठे जात नाही.

ते ज्ञानूदादा आहे का? संदेश नाही म्हणतो. दादाने कधी घरट्यापाशी आवाज लावला नसता, असं तो म्हणतो. मग ते कोण आहे, हे त्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मागच्या महिन्यात मी सापगावला गेलो होतो. त्या घरात आता दिवस कलला की कुणी कुणाला हाक मारत नाही. काम असलं तर उठून जवळ जायचं आणि हात लावायचा. सात वर्षांच्या पोरीलाही त्याची सवय झालीय, हे बघून मला भरून आलं. संदेशने जुनी रेकॉर्डिंग पुसली का, म्हणून विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "नाय रे. तेवढंच तर उरलंय." मला राग आला त्याचा. आणि कीवही आली.

आम्ही ओट्यावर चहा घेत होतो. मनू मधे बसली होती. अंधारून आलं आणि उताराकडून...

"ये, चल!"

मी संदेशकडे पाहिलं. कप त्याच्या ओठाला होता. तोंड बंद होतं.

मनू हललीही नाही. तिने बापाचं बोट घट्ट धरलं आणि मला समजावून सांगितलं, "काका, तो बाबा नाय."

मी उठलोच. फार रात्र व्हायच्या आत मुरबाडला घरी पोहोचायचं होतं. गाडी चालू केली. आत्या दारात आली, आणि आयुष्यभराच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं,

"परत ये रे, बाळा!"

तिने लगेच तोंडावर हात धरला. आम्ही सगळेच तिच्याकडे बघत राहिलो. मी तसाच निघालो.

काल संध्याकाळी मी घरी एकटा होतो. कणीक मळत होतो. मागच्या दारापलीकडे परसात...

"परत ये रे, बाळा!"

आत्याचाच आवाज. तीच माया. माझा हात कडीवर गेलासुद्धा होता, खोटं कशाला बोलू? कणकेचा डाग अजून आहे तिथे.

मग मी कान देऊन ऐकलं, संदेशने सांगितलं होतं तसं.

त्या हाकेच्या मागे माझी गाडी चालू होती.

आणि गाडी माझ्या पुढच्या अंगणात बंद उभी होती. किल्ली माझ्या खिशात होती.